अकराचं लाटणं

"अजून थोडं वर," चित्रकार म्हणाला.

बायकोने लाटणं आणखी दोन बोटं वर नेलं. त्यापुढे हात जाईना. उजवा खांदा पंधरा दिवसांपासून अडत होता. ही गोष्ट तिने डॉक्टरला सांगितली होती, नवऱ्याला नाही.

रोज अकराला ती अशी त्याच्या टेबलासमोर उभी राहायची. तिला बघून तो वर्तमानपत्रातल्या आपल्या रोजच्या व्यंगचित्रातली कजाग बाई काढायचा: ठेंगणी, पदर खोचलेली, लाटणं उगारलेली. पुढे जीव घेऊन पळणारा तिचा लांबटांग्या नवरा. बावीस वर्षं, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे त्या बिचाऱ्याच्या टाळक्यात सहा हजारांवर लाटणी बसली असतील. घरातल्या या दोघांनी मात्र एकमेकांना कधी साधा चमचाही फेकून मारला नव्हता. उगारलेल्या लाटण्याखाली बोलणं व्हायचं ते नळवाला पुन्हा टांग देऊन गेल्याचं, नाहीतर मोठ्या जाऊबाईंच्या फोनचं. एरवी हा माणूस दिवसभर कागदात डोकं घालून बसे. ही पंधरा मिनिटं तेवढी तिच्या वाट्याची. दुखणं कळलं की तो म्हणणार, राहू दे, मी आठवणीनेच काढतो. मग अकरा वाजता तिने करायचं काय?

"हात का थरथरतोय?"

"तुम्ही रेंगाळताय म्हणून. दूध आहे गॅसवर."

"दूध मघाशीच उतरवलंस की."

"मग काढा गुमान."

त्याने चष्म्यावरून तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग खोडरबर उचललं आणि बाई, नवरा, दोघांनाही पार पुसून टाकलं. नव्याने काढायला घेतलं. तिला थांब म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. शेवटी तीच हात खाली घेऊन बघायला आली.

कागदावरची बाई स्टुलावर बसली होती. लाटणं जेमतेम खांद्यापर्यंत. नवरा आज पळत नव्हता. लांबलचक पाय दुमडून तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला होता आणि टाळकं बरोबर लाटण्याखाली आणून धरलं होतं.

तिने हातातलं लाटणं टेबलावर ठेवलं.

"पळायचं सोडून हे काय? लोक हसतील का याला?"

"हसतील." त्याने शाईच्या बाटलीचं झाकण उघडलं. "उद्यापासून येताना स्टूल आणत जा. तिला आता बसूनच मारायचंय."

"बसून? आणि हा लांब पळाला तर?"

"कुठे जातोय," तो रेघ ओढत म्हणाला.