सेल्मोच्या घरचा नंबर

बस गं पोरी, त्या पिशवीवरच टेक. विमानतळाची जीपनी, ही लांबट जीप, भरल्याशिवाय हलत नाही, आणि अजून निम्मी रिकामी आहे. मघाशी माझ्या घरून सुक्या मासळीचं पुडकं घेतलंस ना, ते लिओनिसासाठी. तिच्या बापाच्या, सेल्मोच्या फोनची गोष्ट सांगतो. तू हाँगकाँगलाच निघालीयस, तुझ्या कामाची आहे.

सेल्मो आमच्या गल्लीतला सुतार. घर स्वतःच्या हातानं बांधलेलं, खिळा न् खिळा. बायको लवकर गेली. एकच पोरगी, ती तिकडं एका म्हातारीची सेवा करते.

तिनं एक डबी पाठवली होती. पुस्तकाएवढी, वर हिरवा दिवा. ती घरच्या फोनला जोडायची आणि इंटरनेटच्या तारेला. मग पोरीनं हाँगकाँगातनं फोन लावला की तो तारेतनं डबीत यायचा आणि सेल्मोच्या लाइनवरनं गावात कुणाच्याही मोबाइलवर जायचा. खर्च गावातल्या गावात बोलल्याएवढा.

गल्लीतल्या आणखी सात पोरी तिकडं, त्याही ह्याच डबीतनं बोलायच्या. रविवारी चर्च सुटलं की साती जणींच्या आयांचे मोबाइल वाजायचे, आणि सगळ्यांवर नंबर एकच. सेल्मोच्या घरचा.

"एका दिवसात सात बायकांना फोन करतो मेला," मासळीवाली म्हणायची. "पाद्रीबाबाच्या कानावर घालायला पाहिजे."

मग सेल्मोच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाला, ह्याच आठवड्यात काढायची, पुढं माझ्या हातात नाही. पैसे भरले, खाट मिळाली, आणि गडी अडला. वीस फूट उंच वाशावर शीळ घालत चालणारा माणूस चाकूला भ्याला.

"मला नाही कापून घ्यायचं," म्हणाला. "कापायचं ते लाकूड."

"लाकूड बरं तुझ्यापेक्षा. वटवट तरी करत नाही," मी म्हणालो.

तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी लिओनिसाचा मला फोन. थोरला म्हणून मला ती मानोंगच म्हणते.

"मानोंग, पैसे कुठनं आले?"

"सुतारांच्या मंडळानं दिले."

"मग आत का जात नाहीत ते?"

"भितोय."

ती रडायला लागली. म्हातारीच्या लेकानं तिचा पासपोर्ट कुलपात ठेवलेला. आणि निघाली असती तर नोकरी गेलीच. "मी तिथं असते ना," म्हणाली, "दंडाला धरून नेलं असतं." मग रडणं थांबलं. "मानोंग, त्यांना सांगा मी आलेय. मोबाइलवर नंबर घरचाच दिसतो ना?"

त्या वर्षी परदेशातनं येणाऱ्या तापाची भीती होती. बाहेरनं आलेल्यानं दहा दिवस घरात बसायचं, दवाखान्याची पायरी चढायची नाही, असा नियम. म्हणजे दिसली नाही तरी चालणार होतं.

"बघ हं इंदाय, पोरी माझे, बापाशी खोटं बोलायचं म्हणजे..."

"मग त्यांच्या मढ्याशी खरं बोलू?"

मला तेव्हाच एक गोष्ट सांगायची होती. तोंडापर्यंत आली, गिळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबीचा हिरवा दिवा बघितला, सेल्मोच्या कुत्र्याला, पुतीला भात घातला आणि दवाखाना गाठला. सेल्मोला म्हणालो, "पोरगी आलीय तुझी." त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं.

दहाला मोबाइल वाजला. त्यानं तो लांब धरून वाचलं. "घर."

"ताताय, मी आले."

सेल्मोनं पुन्हा माझ्याकडं बघितलं. मी सलाइनच्या बाटलीकडं बघितलं.

"कधी?"

"काल. दहा दिवस बाहेर पडता येत नाही, तापाचा नियम. स्वयंपाकघरात बसलेय. भात टाकलाय."

"खिडकी उघडलीस?"

"उघडली. कडी अजून अडकते, ताताय."

तो अंगठा चादरीवरनं फिरवत राहिला, रंधा मारलेल्या फळीवरनं फिरवावा तसा.

"वर उचलून मग ओढायची," शेवटी म्हणाला. "किती वेळा सांगितलं तुला. पुती कुठाय?"

"हा काय, पायाशी झोपलाय."

"हाडं घालू नको त्याला."

"नाही घालत. तुम्ही आत जा, ताताय. नाहीतर नियम मोडून मीच येते तिथं."

"येऊ नको!" असा ओरडला की शेजारचा रोगी उठून बसला. "घरीच थांब. मी जातो आत. आत्ता जातो."

आणि गेला, बघ. चार तासांनी बाहेर आला. गाठ काढली, पण सगळी निघाली नाही म्हणतात. दहा दिवसांनी लिओनिसानं कळवलं, म्हातारीचं दुखणं वाढलं, तुम्हाला न भेटताच परत जावं लागतंय. तो म्हणाला, जा, सांभाळून जा. अजून दर रविवारी त्याच नंबरावर बोलतात दोघं.

ते बघ, ड्रायव्हर चढला. आता नीट ऐक. पुडकं हातात पडायच्या आत ती तुला विचारेल, घर कसं आहे? तू आज माझ्या दारात उभी होतीस, समोरचं सिमेंटचं गोदाम बघितलंस. तेच सेल्मोचं घर. खाट मिळायच्या आधीच विकलं त्यानं, घेणाऱ्यानं दोन दिवसांत पाडलं, त्या फोनच्या आधीच. तेव्हापासनं फोनची लाइन, डबी, पुती आणि सेल्मो, सगळे माझ्याकडं, आणि ती खिडकी माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावलीय. तिला कळू द्यायचं नाही अशी साती आयांनी शपथ घेतलीय, राहिलीस तू एकटी. एवढंच सांग तिला पोरी, की कडी अजून अडकते.