वळणावरचा क्रूस

विल्फ्रिदोने स्टिअरिंग डावीकडे ओढलं. ते अर्ध्यावर अडलं. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा कुठे पिकअपचं तोंड गॅरेजच्या फाटकातून आत वळलं. तो खाली उतरला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. विल्फ्रिदो तिशीचा मेकॅनिक, अंगाने दणकट.

“काका, ही गाडी तुम्ही रोज चालवता?”

“रोज.” म्हातारा सेफेरिनो म्हणाला. “ब्रेक बघ आणि धुऊन दे. दुपारी तळ्याच्या धक्क्यावर गिऱ्हाईक येतंय. विकून टाकतोय.”

“का बरं?”

सेफेरिनोने दोन्ही तळहात पुढे केले. “यांच्यात जोर राहिला नाही. वळणावर गाडी ऐकत नाही. मागे हौद्यात माणसं उभी असतात, लेकुरवाळ्या बाया असतात. एक दिवस सगळ्यांना तळ्यात घालीन.”

फाटकाशी तोमासा आपल्या कांद्याच्या पोत्यांवर बसली होती. खाली तळ्याकाठच्या गावात जायचं म्हणून ती गाडीची वाट बघत होती. ती हसली.

“हातांना कशाला नावं ठेवतोस? सगळ्या गावाला ठाऊक आहे. तू त्या क्रूसाची खूण न करणाऱ्या गिटारवाल्यांच्या चर्चला जायला लागलास.”

“मी?”

“मग काय! पाऊस संपल्यापासून वळणावरच्या क्रूसासमोर तुझा हात वर गेलेला नाही. मागे उभं राहून आम्हाला सगळं दिसतं. बाकीचे ड्रायव्हर कपाळाला, छातीला हात लावतात. तू आपला बैलासारखा समोर बघत जातोस. माझ्या बहिणीने तुझ्यासाठी मेणबत्ती लावली, परत आपल्यात यावास म्हणून.”

“हात सोडला असता,” सेफेरिनो हळूच म्हणाला, “तर गाडी त्या क्रूसालाच जाऊन भेटली असती.”

विल्फ्रिदो हात पुसता पुसता थांबला.

“म्हणजे पाऊस होता तोवर एका हाताने वळत होती?”

“वळत होती की.”

“माणूस असा एकाएकी म्हातारा होत नाही, काका. गाडी चालू करा बरं.”

इंजिन सुरू झालं. स्टिअरिंग फिरवताच बॉनेटखालून बारीक, लांबलचक कण्हणं आलं.

“अगं बाई!” तोमासा म्हणाली. “हे होय? मला वाटायचं, एपिफानियाचं डुक्कर ओरडतंय. ती रोज घेऊन चढते ना.”

विल्फ्रिदोने इंजिन बंद करायला लावलं. स्टिअरिंगचा पंप फिरवणारा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. तो ताठ होता. मग त्याने स्टिअरिंगच्या तेलाच्या डब्याचं झाकण काढलं. आत तेल थोडंच होतं, आणि त्यावर घुसळलेल्या गरम चॉकलेटवर येतो तसा फेस. त्याने डब्यापासून पंपाकडे जाणाऱ्या रबरी नळीवरून बोट फिरवलं. क्लिपच्या मागे बोट थांबलं. बाहेर काढलं तेव्हा ते ओलं होतं.

“इथे चीर गेलीय. तेल गळतं ते इथून, आणि पंप हवा ओढतो तीही इथूनच. फेसाच्या जोरावर चाकं कशी वळतील? इतके दिवस पंपाचं काम तुमचे खांदे करत होते.”

“म्हणजे माझे हात...”

“हात नाहीत, काका. नळी.”

सेफेरिनोने तळहात उलटसुलट करून पाहिले. वय झालं, असं आधी त्याची मुलगी म्हणाली होती, मग जावई, मग पाद्रीसुद्धा. शेवटी त्यानेही मान हलवली होती.

विल्फ्रिदोने नवी नळी बसवली, डबा धुऊन लाल तेल भरलं, आणि जॅक लावून पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून उचलली.

“आता तुम्हीच बसा. आतली हवा काढायची आहे. पार डावीकडे न्या, मग पार उजवीकडे. सावकाश.”

सेफेरिनो स्टिअरिंग फिरवू लागला. तोमासा पोत्यांवरून उठून डब्यात डोकावली.

“बुडबुडे येतायत.”

“फिरवत राहा,” विल्फ्रिदो म्हणाला. तो तेलाची बाटली धरून वरून भर घालत होता.

“अजून येतायत. एक मोठा आला. अजून... थांब, नाही, आला एक. सेफेरिनो, कसला खोकतोय रे हा डबा!”

मग इंजिन सुरू करून पुन्हा तेच. बुडबुडे थांबले. कण्हणंही थांबलं. विल्फ्रिदोने जॅक काढला. चाकं जमिनीवर टेकली आणि सेफेरिनोने जपून स्टिअरिंगला हात लावला. चाकं खडीवर करकरत वळली. त्याने परत वळवलं. मग विनाकारण आणखी एकदा.

“ब्रेकही बघितले, ठीक आहेत. गाडी धुऊ का?” विल्फ्रिदोने विचारलं.

“उशीर झालाय,” सेफेरिनो म्हणाला.

चौकात माणसं चढली. हौद्यातल्या लोखंडी दांड्याला धरून तोमासा सगळ्यात पुढे, चालकाच्या डोक्यामागच्या काचेशी उभी राहिली. उतार सुरू झाला. खाली तळं दिसू लागलं, मग धक्का. धक्क्यावर डोक्यात पांढरी टोपी घातलेला कुणीतरी वर बघत उभा होता, गिऱ्हाईकच असावं.

वळण आलं. सेफेरिनोचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. गाडी क्रूसाला वळसा घालून एका हातावर निघाली.

वळण सरल्यावर तोमासाने टपावर थाप मारली. गाडी थांबली. सेफेरिनोने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“काय झालं? उतरायचंय?”

“नाही. सोमवारी बाजाराला माझे जास्तीचे कांदे न्यायचे आहेत. तू येशील ना?”

सेफेरिनोने खाली धक्क्याकडे पाहिलं. पांढरी टोपी अजून तिथेच होती.

“पहाटे तयार राहा,” तो म्हणाला. “आणि एपिफानियाला सांग, डुक्कर आणलं तरी चालेल.”