मागच्या चाकावर

मागचं चाक जागच्या जागी गरगरलं आणि पिकअप चढ चढायचं सोडून हातभर मागे आली. परसूनं ब्रेक दाबला. राजाजीनगरच्या त्या उताराच्या गल्लीत सकाळपासून भुरभुर चालू होती, आणि दोन्ही बाजूंच्या बुचाच्या झाडांनी सारा रस्ता पांढरा करून टाकला होता. चाकाखाली चेंगरून फुलांचा लगदा झाला होता. वास मात्र असा सुटला होता, की गाडी अडली आहे हेसुद्धा खरं वाटू नये.

शेजारी बसलेले त्याचे वडील, मल्लाप्पा, लगेच खाली उतरले. चढाला गाडी अडली की माणसानं उतरायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. निपाणीकडे चाळीस वर्षं त्यांनी बैलगाडी हाकली. चढ आला की ते बैलांच्या बरोबरीनं चालायचे. मुक्या जनावरावर आपलं ओझं कशाला?

आज ते गावी परत निघाले होते. एक वाजता मॅजेस्टिकच्या बसस्टँडवरून बस होती. मल्लाप्पांची बायको गेल्यावर परसूनं त्यांना इकडे शहरात, चामराजपेटच्या आपल्या दोन खोल्यांत आणलं, त्याला चार महिने झाले. सून वेळेवर ताट वाढायची, परसू वेळेवर गोळ्या आणून द्यायचा. कुणी वाकडा शब्द बोललं नाही. पण कुणी कधी एखादं काम सांगितलं नाही, काही विचारलंही नाही. बसून खाणाऱ्याचा जीव किती कोंडतो, ते बसणाऱ्यालाच ठाऊक. परवा त्यांनी जातो म्हटलं. परसू बरं म्हणाला आणि तिकीट काढून आणलं. मल्लाप्पांना वाटलं होतं, एकदा तरी राहा म्हणेल. पण पोरगा लहानपणापासून मुखदुर्बळ. खाण तशी माती. बाप तरी कुठं बोलका होता?

नर्सरीच्या कुंड्या गल्लीच्या खालच्या टोकाला एका बंगल्यात पोचवून गाडी रिकामी परतत होती. परसू रस्ता पाहायला चार पावलं वर गेला. तेवढ्यात मल्लाप्पांना मागच्या हौद्यात वाळूची दोन पोती दिसली. गाडी रिकामी, आणि हा पठ्ठ्या उगाच वाळू वागवतोय! त्यांनी फळका उघडला आणि दोन्ही पोती ओढत ओढत रस्त्याच्या कडेला उतरवली. धाप लागली, पण बरं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा हाताला काहीतरी लागलं होतं.

परसू येऊन बसला, गिअर टाकला. या वेळी गाडी नुसती मागे आली नाही. तिची मागची बाजू आडवी सरकत गेली आणि कडेच्या एका बंगल्याच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली. परसू उतरला. त्यानं कडेची पोती पाहिली, मग वडिलांचे वाळूनं भरलेले हात पाहिले. मल्लाप्पांनी मान खाली घातली. आता ऐकून घ्यायचं, एवढंच उरलं होतं.

परसू हसायला लागला. आई गेल्यापासून तो असा हसला नव्हता.

"अण्णा, हिचे बैल मागच्या चाकात असतात," तो म्हणाला. "त्यांच्या मानेवर वजन पडलं तरच ते पाय रोवतात."

मल्लाप्पा चाकाकडे बघतच राहिले. चाळीस वर्षांचं शहाणपण या गाडीला उलटं लागू होतं. दोघांनी मिळून पोती परत चढवली, बरोबर मागच्या चाकांच्या वर. परसूनं मागच्या टायरांतली थोडी हवा सोडली, चाकांपुढे गोणपाट अंथरलं. गाडी दोन हात चढली आणि पुन्हा घसरली. परसूनं कान खाजवला. वडिलांकडे न बघता, चाकाशीच बोलावं तसा तो बोलला.

"स्वल्प कमी पडतंय. तुम्ही मागं बसता का?"

मल्लाप्पा केबिनमधली आपली प्रवासाची पिशवी घेऊन हौद्यात चढले आणि पोत्यांवर मांडी घालून बसले. गाडी गुरगुरली, क्षणभर थरथरली, आणि चाकानं रस्ता धरला. तो धरल्याचं त्यांना बसल्या जागी कळलं, बैलानं खूर रोवल्याचं कासऱ्यातून कळायचं तसंच. ते मागे तोंड करून बसले होते. गल्ली त्यांच्यापासून हळूहळू खाली जात होती, झाडं खाली जात होती, आणि वरून बुचाची फुलं त्यांच्या टोपीवर, मांडीवर, वाळूवर पडत होती. जन्मभर प्रत्येक चढ त्यांनी पायी चढला होता. हा पहिला चढ ते बसून चढत होते, आणि ते बसले होते म्हणूनच गाडी चढत होती. त्यांचे डोळे भरून आले. पुसायला त्यांनी हात उचलला नाही. वजन हलायला नको.

चढ संपला. परसूनं त्यांना पुढे बोलावलं नाही, तेही आले नाहीत. गाडी मोठ्या रस्त्याला लागली. दोन सिग्नल गेले, तीन गेले, भुरभुर कुठंतरी मागेच राहिली. डुलकी की जाग, अशा अवस्थेत मल्लाप्पा शहर मागे मागे सरकताना पाहत होते.

मॅजेस्टिक आलं. पिशवी घेऊन ते उठले आणि उतरायचं म्हणून त्यांनी केबिनवर दोनदा थाप मारली. गाडी थांबली. परसूनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. पुन्हा कान खाजवला.

"उतरू नका, अण्णा," तो म्हणाला. "रस्ता लई निसरडा आहे."

मल्लाप्पांनी खाली पाहिलं. इकडे पाऊस पडलाच नव्हता. उन्हात रस्ता कोरडा ठाक होता, बसच्या चाकांमागे धूळ उडत होती. ते पुन्हा पोत्यांवर बसले.

"व्हय रे," ते म्हणाले, "लईच निसरडा आहे."