वकिलाची चाल

“फॉरमॅट मारावा लागेल,” दुरुस्तीवाला मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला.

“गेल्या आठवड्यात म्हणालात, पार्ट आला नाही. त्याच्या आधी म्हणालात, पार्ट लागणारच नाही.”

“तेव्हा नव्हता लागत.”

मोजणीदारांनी छत्री काउंटरवर आडवी ठेवली. नोकरीत बत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या, इंचाची चूक कुणाला सापडली नाही, असं ते स्वतःच सांगत. अशा माणसाला तीन आठवडे ‘उद्या या’ म्हणून परत पाठवायला हिंमत लागते. ती या दुकानात भरपूर होती. बाकी मालाचा तुटवडा होता.

खरं तर प्रश्न कॉम्प्युटरचा नव्हता. डाव अर्धा राहिला होता. समोर वकील होता, बुद्धिबळातला चाळीस वर्षांचा वैरी. म्हातारपणी तो लेकीकडे दुसऱ्या गावी राहायला गेला आणि घशाच्या ऑपरेशनमध्ये त्याचा आवाज गेला. वकिलाचा आवाज जाण्यावरचे सगळे विनोद मोजणीदारांनी पहिल्याच महिन्यात संपवले. फोन बंद पडला, तसे मेल सुरू झाले. रोज एक चाल, सोबत एक टोमणा. या वेळी मोजणीदारांनी वकिलाचा वजीर कोंडला होता. चाल वकिलाची होती, आणि त्याच संध्याकाळी स्क्रीन काळी झाली. दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर मेल बघावा, तर पासवर्ड ठाऊक नाही. तो फक्त त्या डबड्यालाच पाठ होता.

घरी टेबलावर पट तसाच मांडलेला होता. बायको रोज त्यावरची धूळ पुसायची. एकेक मोहरा उचलायची, पुसायची, होता त्याच घरात ठेवायची. मोजणीदारांचा जीव वरखाली व्हायचा.

“उंट कुठला नि घोडा कुठला, कळत नाही तुला. हात कशाला लावतेस?”

“लाकूडच आहे ना. पुसल्यानं झिजत नाही,” ती म्हणायची.

गेली दोन वर्षं, म्हणजे मोजणीदारांच्या बायपासपासून, वकील भलताच चांगला खेळायला लागला होता. शेवटच्या अकरा डावांतले आठ त्याने मारले. टोमणेही मवाळ झाले होते. चालीखाली आता ‘गोळ्या घेतल्यास का?’ असं असायचं. आजारपणाने माणूस मायाळू होतो आणि त्याचं डोकंही उघडतं, हे मोजणीदार बायकोला नीट समजावून सांगत. ती मटार सोलता सोलता ऐकून घेई.

“आता चालू होतो, पण मधेच अडकतो. फॉरमॅट मारला की सगळं पुसलं जाणार,” दुरुस्तीवाला म्हणाला. “दोन्ही पासवर्ड लिहून द्या.”

“दोन्ही कुठले? कॉम्प्युटरला घरात मी एकटाच हात लावतो.”

“मग हे दुसरं खातं कुणाचं? काकू तीनदा येऊन गेल्या. म्हणाल्या, काकांना दाखवू नका. पण त्या आता फोन उचलत नाहीयेत आणि मला जेवायला जायचंय.”

त्याने स्क्रीन वळवली. तीन आठवड्यांत त्या दुकानाने केलेली ही पहिली मदत.

खातं वकिलाचं होतं. मोजणीदारांनी चष्मा पुसला. पुसूनही ते वकिलाचंच राहिलं. मोजणीदारांना आलेली एकेक चाल तिथे ‘पाठवलेले’मध्ये ओळीने लागली होती. गोळ्या घेतल्यास का. गुडघा कसा आहे. वेळ रोज दुपारी अडीच ते तीन. म्हणजे मोजणीदारांच्या झोपेची. ते खाली खाली जात राहिले. दोन वर्षांपूर्वीच्या एका मेलपाशी त्यांचं बोट थांबलं. तो वकिलाच्या लेकीने बापाच्याच खात्यात लिहून ठेवला होता.

‘काकू, फोनवर सांगितलेला पासवर्ड बदललेला नाही. काका बायपासमधून उठेपर्यंत बाबा गेल्याचं त्यांना कळू देऊ नका. डाव अर्धा आहे, तेवढा तुम्ही पुरा करा.’

मोजणीदार बसले. मागे स्टूल आहे की नाही ते न बघता बसले. सुदैवाने होतं. वकील दोन वर्षांपूर्वी गेला होता, आणि गेल्यानंतर आठ डाव जिंकला होता. यातल्या कुठल्या गोष्टीने आधी हादरायचं, ते त्यांना ठरवता येईना. तिला तर कुणी कधी शिकवलं नव्हतं. वकील गावात होता तेव्हा दर रविवारी ते दोघं खेळायचे आणि ती पटाशेजारी चहा ठेवून निघून जायची. निघून जायची, असं हे दोघं धरून चालले होते.

“काय करू काका? मारू?”

“हात लावू नका,” मोजणीदार म्हणाले. छत्री तिथेच राहिली.

घरी ती टेबलाशी उभी होती. एका हातात फडकं, दुसऱ्यात काळा वजीर.

“मिळाला का कॉम्प्युटर?” तिने विचारलं. मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि वजीर हळूच त्याच्या घरात ठेवला.

“सांगणारच होते,” ती म्हणाली. “एवढा डाव संपला की सांगू, असं दर वेळी म्हणायचे. तुम्ही लगेच पुढचा मांडायचात.”

मोजणीदारांनी खुर्ची ओढली. पट फिरवून काळी बाजू तिच्याकडे केली. एकही मोहरा हलला नाही.

“चाल तुझी आहे,” ते म्हणाले.

ती समोर बसली. कोंडलेल्या वजिराकडे तिने बघितलंही नाही. कोपऱ्यातला घोडा उचलला आणि त्यांच्या राजाजवळ आणून ठेवला.

“मात,” ती म्हणाली. “आता ऐका. वकीलभावजी कसे गेले, ते सांगते.”