चाळीस अंशांवर, उलटा करून

टोरकेलचा स्वेटशर्ट धुतला गेला. असं काही घडलंच नाही, असं गुनवोरने ठरवलं आणि कॉफी ठेवली.

आतून लव असलेलं ते जाड कापड तिनेच निवडलं होतं, नवऱ्यासाठी तिनेच शिवलं होतं. तो वारल्यापासून आठ महिने मात्र तिने त्या स्वेटशर्टला पाणी लागू दिलं नव्हतं.

"धुलाईघरात तुझ्या चादरीत गुंडाळलेला सापडला," शेजारीण मायकेन म्हणाली. "म्हटलं, माझ्या कपड्यांत टाकू. चाळीस अंशांवर, उलटा करून, अगदी तू सांगतेस तस्सा. केवढा वास येत होता गं त्याला."

"टोरकेलचा," गुनवोर म्हणाली.

संध्याकाळी इमारतीच्या सामायिक धुलाईघरात फळ्यावर गुनवोरच्या अक्षरात सूचना लागली: 'मंगळवारी दोन ते चारच्या पाळीत वापरलेलं पाणी संबंधितांनी तिसऱ्या मजल्यावर परत आणून द्यावं, ही विनंती.'