दोन तासांचं काम

सुमंगलानं कॅसेटवर जोरात फुंकर मारली आणि ती परत खाचेत बसवली. उपयोग नव्हता हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण तिचे यजमान गोकुळदास पेपराआडून बघत होते. टीव्हीवर काहीच उमटलं नाही.

"गेम गेलो परत?" त्यांनी विचारलं.

"गेलो," ती म्हणाली.

तो व्हिडिओ गेम त्यांच्या मुलीचा. गौरवी लग्न होऊन इब्रामपूरला गेली तेव्हा साड्या, भांडी, शिलाई मशीन सगळं घेऊन गेली, हा तेवढा सर्वण गावातल्या माहेरच्या घरी राहिला. '९९९ खेळ' असं लिहिलेल्या कॅसेटमध्ये खरे खेळ आठच होते, बाकी नुसती नावं. दुपारी जेवणखाण आवरलं की सुमंगला पडद्यावरच्या विटा फोडत बसायची. शेजारीपाजारी म्हणायचे, बाईला या वयात भलतंच वेड लागलंय. तिनं कधी नाही म्हटलं नाही. वेड होतंच, फक्त ते विटांचं नव्हतं.

गोकुळदास खाणीच्या ऑफिसात टाइमकीपर होते. तीस वर्षं दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या. तेव्हा घरी बोलायला सवड नव्हती आणि रिटायर झाल्यावर सवड मिळाली तर सवय नव्हती. माणूस सोन्यासारखा, पण तोंडाला कुलूप. बायकोला उगाच स्कूटरवर बसवून फिरवणं तर त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. काम असेल तर जायचं, एवढंच त्यांना माहीत.

मग एक दिवस गेम बंद पडला आणि काम निघालं. डिचोलीला बसस्टँडजवळ जयरामचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं पेटी उलटीपालटी करून पाहिली आणि दोन तास लागतील म्हणाला. आता दोन तास करायचं काय? दोघांनी हॉटेलात भाजीपाव खाल्ला, आणि मग स्कूटर आपसूक मयेच्या तळ्याकडे वळली.

पाण्यावर दुपारचं ऊन पसरलं होतं. काठावरचे माड पाण्यात उलटे उभे होते, वारा आला की लांब व्हायचे, वारा थांबला की पुन्हा आखूड. आणि गोकुळदास बोलू लागले. आईबद्दल बोलले, लहानपणी ओहोळात बुडता बुडता वाचले त्याबद्दल बोलले, लग्नाच्या दिवशी ती कशी दिसत होती तेही बोलले. सुमंगला ऐकत राहिली. आपण जाग्या आहोत की जेवून डोळा लागलाय, हेच तिला कळेना. घरी आल्यावर त्यांनी पेपर उघडला आणि तोंडाला पुन्हा कुलूप लागलं.

पुढं महिनाभर तिनं गेम बिघडण्याची वाट पाहिली. तो काही बिघडेना. शेवटी एका सकाळी गोकुळदास बाजारात गेले असताना तिनं मागचं झाकण उघडलं आणि आतली एक वायर ओढली.

त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं. महिना-दोन महिन्यांनी एक वायर, एक भाजीपाव आणि तळ्याकाठचे दोन तास. एवढ्या सरळ माणसाला आपण फसवतो याची तिला लाज वाटायची. देवापुढं दिवा लावताना नजर वर होत नसे. पण ते दोन तास काही सोडवत नव्हते.

आता मात्र गौरवीनं फोनवर ऐकवलं होतं, ते खोकं एकदाचं टाकून द्या, गणपतीच्या चवथीला येताना मी नवा घेऊन येते. नव्याला वर्षभराची गॅरंटी, स्क्रूवर कागदी सील. सील फाटलं की लगेच कळणार. म्हणजे बिघाड नाही, मग डिचोलीही नाही आणि तळंही नाही. 

"जुन्याक लेकीचो हात लागला," सुमंगला म्हणाली. "दुरुस्तच करूंया."

गोकुळदासांनी पेपराची सावकाश घडी घातली. "जयरामाक विचारूंया," ते म्हणाले. "तो सांगतलो तशें."

दोघं डिचोलीला निघाले. सुमंगला मागच्या सीटवर पेटी मांडीवर घेऊन बसली होती. जयराम आज काय बोलेल यावर सगळं अडलं होतं.

दुकानात गोकुळदासांनी पेटी काउंटरवर ठेवली, दुरुस्त होईल की नवा घ्यावा एवढं विचारलं, आणि स्कूटर सावलीत लावून येतो म्हणून ते बाहेर गेले. सुमंगलाला एवढीच संधी होती. तिनं एका दमात जयरामला सगळं सांगून टाकलं. वायर मी ओढते, दर खेपेला मीच ओढते, पण हे जुनंच चालेल असं त्यांना सांग, नवा घ्या म्हणू नकोस.

जयराम दचकला नाही. त्यानं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"वयनी, ओढिल्ली वायर माका दिसता," तो म्हणाला. "पांच मिनटांचें काम तें. दोन तास लागतले म्हणून सांग, हें गोकुळदासबाबांनीच माका पयल्या दिसा हळूच सांगलां. आनी नवो घेवंक सांगूं नाका म्हणून काल ते एकटेच येवन गेले."

 म्हणजे आपली लबाडी त्यांना माहीत होती तर. कधीपासून, तिनं कसंबसं विचारलं.

"तुमचें तांकां कळ्ळां काय ना, तें माका खबर ना," जयराम म्हणाला. "पूण पयल्या खेपेक तुमी दोगांय हो गेम हांगा घेवन आयलीं, तेन्ना वायर ओढिल्ली न्हय. कापिल्ली. एकदम सरळ, ब्लेडान."

सर्वणच्या त्या घरात ब्लेड एकाच ठिकाणी असायचं, गोकुळदासांच्या दाढीच्या डब्यात.