उतारावरचे मुळे

म्हाताऱ्याच्या नखांत विष निघालं आणि घर काही झालं नाही. पण हे आत्ताच कळलं तर पुढचं वाचायचं कशाला? तेव्हा तसं काही झालेलं नाही.

ट्रकमधून माती उतरत होती. बंद पडलेल्या खाणीची ही जमीन स्वस्तात मिळाली, कारण तिच्यात सोमल होता. सोमल म्हणजे विषच, फक्त जुन्या घराण्यातलं. मुलाने घरापुरत्या जागेतली दोन फूट माती उचलून नेली, खाली चुना पसरला आणि आता वर बाहेरची चांगली माती टाकून घेत होता. व्हरांड्याला त्याने मनातल्या मनात रंगसुद्धा देऊन टाकला होता.

"परवानगी लगेच नाही," माती तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. "घरातल्या एका माणसाने वर्षभर इथे राहायचं. वर्षाने त्याचे केस नाहीतर नखं तपासायची. सोमल नाही निघाला तर बांधा."

"आणि निघाला तर काय होणार?"

"सांगता येत नाही. कुणी आजारी पडतं, कुणी जातं."

"माणसाचं नाही हो. घराचं विचारतोय."

संध्याकाळी फ्लॅटवर विषय निघाला. फ्लॅट मुलाच्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा होता.

"अहो, अण्णांना पाठवू या," सून म्हणाली. "मोकळी हवा मिळेल त्यांना."

"आणि काही झालं म्हणजे?"

"त्यांच्या वयात काही झालं तर ते वयामुळेच होतं."

शेजारच्या खोलीत अण्णा बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा बांधली.

जमिनीवर पत्र्याची एक खोली उभी राहिली. पहिल्याच दिवशी बाईंनी अण्णांना बजावलं, "नव्या मातीच्या पलीकडे काही लावू नका. लावलंत तर खाऊ नका."

"नाही खाणार," अण्णा म्हणाले.

मुलगा तेव्हा ट्रक मोजत होता.

दर रविवारी तो शहरातून आठवड्याचे डबे आणि पाण्याचे कॅन आणून देई. अण्णांच्या काळजीपोटी नव्हे, अण्णांच्या नखांच्या.

"इथलं पाणी चुकूनही पिऊ नका हं, अण्णा."

"छे रे बाळा. तू आणतोस तेवढंच."

रिकाम्या डब्यांतून अण्णा भाजी परत पाठवत. मनगटाएवढे मुळे, पंख्याएवढा पालक.

"लावलंत कुठे हे?"

"तिकडे, जरा उताराला. ओल असते."

"नव्या मातीत ना?"

"माती कसली नवी आलीय. सगळी जुनीच."

मुलगा हसला. एवढे ट्रक रिकामे केल्यावर मातीने काहीतरी परत द्यायला हवंच होतं. "आणि तुम्ही नाही खात?"

"मुळा चावायला दात लागतात. तू खा. वाढतं वय आहे तुझं."

मुलगा पंचेचाळिशीचा होता. सुनेला मुळ्याचा वास सहन होत नसे, पालक तिला गवतासारखा लागे. त्यामुळे तो एकटाच दोन्ही वेळा खाई. पायांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा त्याने बूट बदलले. तरी मुंग्या जाईनात, तेव्हा त्याने बुटांचं दुकान बदललं.

वर्ष भरलं. अण्णांच्या डोक्यावर केसांचा प्रश्नच नव्हता, तेव्हा नखं. मुलाने किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेलं नेलकटर पुढे केलं आणि अण्णांनी एकेक नख कापून, त्यांचं नाव लिहिलेल्या लिफाफ्यात टाकलं. नखं जाड होती, पिवळी होती आणि त्यांत काळी माती भरलेली होती.

"धुवायला हवी होती का रे?"

"असू द्या," मुलगा म्हणाला. त्याचा चेहरा मात्र 'असू द्या' म्हणत नव्हता.

परतताना त्याने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. लिफाफ्यात डोकावून पाहिलं. वर्षभराचं घर त्या दहा तुकड्यांवर उभं होतं. किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन तो दहा मिनिटं तिथेच बसला. मग लिफाफा चिकटवला आणि बाईंच्या कार्यालयात देऊन आला.

घरी त्याला मुळ्यांच्या डब्याचं झाकण उघडेना. शेवटी सुनेने नखाने उचकटून दिलं.

अहवालाच्या दिवशी अण्णा तीन जिने चढून आधी पोचले. मुलगा दर मजल्यावर टेकत टेकत आला.

"एकोणीस पट," बाई म्हणाल्या. "परवानगी नाही. आणि यांना आधी दवाखान्यात न्या. एवढा सोमल अंगात असताना माणूस जिने कसा चढतो, मला कळत नाही."

"मला तर भूक लागलीय," अण्णा म्हणाले. "मी तिथलं पानसुद्धा तोंडात घातलं नाही, बाई. तुम्हीच सांगितलं होतं ना? हवं तर पुन्हा तपासा."

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. बाईंनी कात्री घेतली. मुलगा खुर्ची ओढून बसला.

अण्णांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला. निरखून पाहिला.

"फार आत कापलीस रे नखं," ते म्हणाले. "दुखत असतील."

पंधरा दिवसांनी कार्यालयात एक अर्ज आला. अक्षर थरथरतं होतं, भाषा मात्र रीतसर होती: "महोदया, पहिल्या लिफाफ्यातील नखे वडिलांची नसून खुद्द अर्जदाराची होती. वडिलांची नखे फेरतपासणीत निर्दोष आढळली आहेत. घराच्या परवानगीबाबत अर्जदाराचा आता कोणताही आग्रह नाही. तरी लिफाफ्यावरील नाव ग्राह्य धरून सदर विष वडिलांच्याच शरीरात असल्याचे मानण्यात यावे आणि तसा सही-शिक्क्याचा दाखला अर्जदारावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तातडीने देण्यात यावा, ही नम्र विनंती."